बबनरावांचा ऑल्टेरोमोनास

बबनराव चिडले की परीक्षानळ्या घासायला बसतात. ते रोज चिडतात, त्यामुळे मंचरजवळच्या आमच्या कॉलेजची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा कायम लखलखीत असते. मुलांनी बर्नर चालू ठेवला, पंखा कुरकुरला, मी नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं, काहीही पुरतं. "अक्कल उकडून टाकली काय राव?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. प्राचार्यांनाही तो एकदा विचारून झालाय.

बबनराव आमचे प्रयोगशाळेतले शिपाई. गाव अवसरी बुद्रुक. शाळा दुसरीपर्यंत, पुढची वर्षं बापाच्या मेंढरांमागं.

त्यांचा जीव मात्र एका जंतूत. माझ्याआधीच्या विभागप्रमुख देवधरबाईंनी अलिबागहून बाटलीभर समुद्राचं पाणी आणून त्यातून तो वेगळा काढला होता. काडीसारखा, शेपटीवाला, मिठाशिवाय न जगणारा. नाव ऑल्टेरोमोनास. बाई वारल्या, पण बबनराव अजून दर महिन्याला त्याला ताज्या खारट खाद्यावर घालतात. "मिठाला जागनारा हाय," म्हणतात.

यंदा मी तो पुण्याला तपासायला पाठवला. अहवाल आला आणि मी नळ्यांच्या डब्यावरची जुनी चिठ्ठी काढून छापील चिकटवली: स्यूडोऑल्टेरोमोनास.

"ह्ये स्यूडो म्हंजी काय?"

"खोटा," मी बोलून गेलो.

हातातला ब्रश सिंकमध्ये आदळला. "खोटा? म्हंजी बाईंनी इतकी वर्सं खोटा जंतू पाळला व्हता?"

मी समजावलं. पूर्वी दिसायला सारखे म्हणून पुष्कळ जंतू एकाच प्रजातीत घातले होते. जनुकं वाचता आल्यावर त्यांच्या दोन प्रजाती केल्या. त्या काळी बाईंचं बरोबरच होतं.

"मेंढरू दुसऱ्याच्या कळपात घातलं म्हून खोटं व्हतं व्हय?"

चार दिवस अबोला. चहा सगळ्यांना, मला नाही. पाचव्या दिवशी माझी चिठ्ठी फाडलेली आणि जुनी परत डब्यावर! आता मीही भडकलो.

"बबनराव, चुकीचं नाव ठेवून चालणार नाही. हात कुणी लावायला सांगितला?"

"आन् तुमाला कुनी सांगितला?" ते दुप्पट ओरडले. "त्ये माजं अक्षर हाय!"

मी चिठ्ठीकडं पाहिलं. मोठी, वाकडी इंग्रजी अक्षरं. इतकी वर्षं मी ती बाईंची घाईतली समजत होतो.

"बाईंनी शिकवलं, ह्याच सिंकपाशी," ते म्हणाले. "विंग्रजीत येवढं येकच नाव लिवता येतं मला."

माझी छापील चिठ्ठी मलाच बोचली. "बबनराव, हे नाव पुसायचं नाही," मी म्हणालो. "आधी फक्त सहा अक्षरं जोडायची. पहिलं पी, पण ते बोलायचं नाही."

"बोलायचं न्हाई, तर लिवायचं कशाला?" म्हणत त्यांनी पेन उचललं. चिठ्ठीच्या डाव्या कडेला टेकवलं. पेन तिथंच थांबलं.

"बाई हात धरायच्या," भिंतीकडं बघत ते रागानंच म्हणाले. "बगत काय हुबं ऱ्हायलाय, सर? धरा की."