गेटमधलं इंजिन

इंजिन गेटच्या बरोबर मधोमध टेकलं तेव्हा नऊ वाजले होते. काकूंची ड्रायव्हिंग टेस्ट अकराला होती, आणि टेस्टला न्यायची गाडी अंगणात, इंजिनाच्या पलीकडे अडकली होती.

इंजिन सहाशे किलोचं, जुन्यापुराण्या ट्रकचं. तसला एक ट्रक अंगणाच्या कोपऱ्यात सात वर्षं विटांवर उभा होता. काका जन्मभर ग्रंथपाल. निवृत्तीनंतर लोकांना मधुमेह होतो, यांना ट्रक झाला. वर विजेची तार आहे, क्रेन आत येणार नाही, रस्त्यावर ठेवू का, असं क्रेनवाल्यानं विचारलं होतं. काका म्हणाले, "रस्त्यावर नको, कोणी उचलून नेईल." क्रेनवाल्यानं लाकडी चौकटीसकट ते गेटमध्ये ठेवलं आणि मागे वळून न बघता निघून गेला.

काकू पर्स घेऊन बाहेर आल्या.

"अहो, हे काय?"

"इंजिन."

"ते दिसतंय. माझी गाडी कुठून जाणार?"

"तसं बघितलं तर..." म्हणजे काकांनी तसं बघितलंच नव्हतं. "रस्त्यावर ठेवलं असतं तर चोरीला गेलं असतं."

"सहाशे किलो? चोरांना अक्कल असते हो."

"ताई, टेस्ट पुढच्या महिन्यात दे की," काकूंचा धाकटा भाऊ म्हणाला. इंजिन त्यानंच शोधून दिलं होतं.

"शिकाऊ लायसन्स आज संपतंय. रिव्हर्समध्ये दोनदा नापास झालेय, तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात करू? तू तर बोलूच नकोस!"

"माल मात्र पारखून आणलाय," काका म्हणाले. "ट्रकमधली जागा सात विती, इंजिन सात विती. भंगारात हातमोजे घालून मी स्वतः मोजलं. हाताला डागसुद्धा नाही."

मग मेव्हण्या-भावोजींनी इंजिनाला खांदा लावला. इंजिन हललं नाही, मेव्हण्याची पँट तेवढी उसवली. काका पुस्तक आणायला आत वळले, तेव्हा काकूंनी पदर खोचला.

"पुस्तक राहू दे. तो पाइपांचा ढीग आणा इकडे. तू पहार घे."

भावानं पहारीनं चौकट उचलली, काकांनी खाली पाइप सरकवले. काकूंनी दोर गाडीच्या पुढच्या हुकाला बांधला, सीटवर बसल्या आणि रिव्हर्स टाकला.

"डावीकडे! अगं, माझ्या डावीकडे!" काका ओरडले.

काकूंनी काच वर केली. गाडी सुतासारखी सरळ मागे गेली, आणि रुसलेल्या पाहुण्यासारखं कुरकुरत, पाइपांवरून गडगडत इंजिन अंगणात आलं. दोर सोडून, इंजिनाला वळसा घालून काकू गेटबाहेर पडल्या तेव्हा साडेदहा झाले होते.

दुपारी गाडी रस्त्यावरच लावून त्या आत आल्या. काका इंजिनावर बसले होते. हातमोजे बाजूला पडले होते, हात कोपरापर्यंत काळे.

"पास!" काकू म्हणाल्या. "ते साहेब विचारत होते, इतकं छान रिव्हर्स शिकवलं कोणी?"

"वा." काका पुटपुटले. "चार बोटं आखूड भरतंय."

"काय?"

"इंजिन. हातमोज्यात वीत पुरती पसरत नाही गं."

मेव्हणा ट्रकच्या आड दिसेनासा झाला.

"भंगारवाला परत घेतोय," काका घाईनं म्हणाले. "फक्त गेटबाहेर काढून द्यायचंय. तुझी गाडी बाहेरच आहे, म्हणून म्हटलं..."

काकूंनी किल्ली बोटाभोवती फिरवली. "काढते. पण मागोमाग हा ट्रकही काढायचा."

"ट्रक? अगं, त्याला चाकंच नाहीत!"

"सात वर्षं झाली. आज दिसलं?"

काका त्या विटांकडे असे बघायला लागले, जणू त्या आजच कोणीतरी आणून ठेवल्या होत्या. काकूंना त्यांची दया आली, पण बेताचीच.

"उद्या चाकं बघायला जाऊ. गाडी मी चालवणार, मोजणार मी. तुम्ही मागे बसायचं."

"आणि हातमोजे?" काकांनी हळूच विचारलं.

"ते आत्ताच घाला. भांडी पडलीयत."