तीन चंद्र आणि एक सासू

बन्सीधरच्या पिठाच्या गिरणीवर लोक दळण घेऊन येत आणि लाईट गेली की सिनेमाची गोष्ट ऐकायला थांबत. देवगाव फाट्यापासून आत असलेल्या त्या गावात लाईट रोजच जाई, त्यामुळे बन्सीधरला अधूनमधून परभणी गाठून नवा पिच्चर बघून यावा लागे. ही हौस नव्हती, धंदा होता. समोरच ईश्वरअप्पांनी नवी गिरणी घातली होती. तिला डिझेल इंजिन होतं, आणि खरं सांगायचं तर तिचं पीठही जास्त बारीक निघे. गोष्टीत दम राहिला नाही तर बायका डबे उचलून सरळ रस्ता ओलांडणार, हे बन्सीधर ओळखून होता.

या खेपेला मात्र घात झाला. परभणीत अंतराळाचा पिच्चर लागला होता. थ्रीडीचा काळा चष्मा चढवून बन्सीधर बसला तो आ वासूनच. आकाशात तीन चंद्र, ढगांत तरंगणारी शहरं, शिवाराएवढं एकेक यान! एक यान थेट अंगावर आलं तेव्हा त्यानं शेजारच्या अनोळखी माणसाचा हात गच्च धरला, आणि त्या माणसानंही तो सोडवून घेतला नाही. डोळ्यांचं पारणं फिटलं.

परतीच्या बसमध्ये त्यानं नेहमीप्रमाणे गोष्टीची उजळणी सुरू केली, तर ती लगेच संपली. एक माणूस बापाला शोधत ग्रहाग्रहांवर हिंडतो, बाप सापडतो, मोठा स्फोट होतो. बस्स. एवढ्यात तर एखादी बाई डोक्यावरचा डबासुद्धा खाली ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी चक्की थांबली आणि दगडाबाईनं पोत्यावर बैठक मारली. गावातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट गिऱ्हाईक.

"सांग रं बन्सी."

"मावशी, लय भारी पिच्चर. एक मोठ्ठं यान येतं."

"मंग?"

"मंग दुसरं येतं. त्याच्याहून मोठं."

"अन् मंग तिसरं येत असंल. बाईमाणूस हाय का न्हाई त्याच्यात?" दगडाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. "चला गं. अप्पाचं इंजिन चालू हाय."

"हाय की!" बन्सीधर ओरडलाच. "हिरोची आक्का हाय. तिला त्या तीन चंद्राच्या ग्रहावर दिलेली. अन् सासू... काय सांगू मावशी, लय खवट!"

दगडाबाई खाली बसली.

"आक्काला संकष्टीचा उपास. एक चंद्र उगवला की सासू म्हणती, दुसरा उगवू दे. दुसरा उगवला की म्हणती, तिसरा उगवू दे. तवर पहिला मावळतो!"

"अगं बाई," दगडाबाईनं पदर डोळ्याला लावला. "उपाशी मारायलीय की लेकराला."

त्या दिवशी लाईट आली तरी कुणी उठेना. पुढं रोज आक्काचा छळ वाढत गेला आणि बन्सीधरचा धंदाही. बायका आठवड्याचं दळण थोडं थोडं करून रोज आणू लागल्या. समोर अप्पांचं इंजिन रिकामं धडधडत होतं. बन्सीधर हवेत होता.

मग एके सकाळी बायको कमलबाई म्हणाली, "बचत गटानं टेम्पो ठरवलाय. समद्या परभणीला चाललो."

"कशाला?"

"पिच्चरला. दगडामावशी म्हणती, त्या सासूचं थोबाड एकदा बघायचंच."

"त्या चष्म्यानं डोळे जात्यात!"

"तुमचे कुठं गेले?" असं म्हणून कमलबाई टेम्पोत चढलीसुद्धा.

दिवसभर बन्सीधर रस्त्याकडं बघत बसला. आता गिऱ्हाईक जाणार, अब्रू जाणार, आणि घरात भाकरी मिळायचीही खात्री नाही. संध्याकाळी टेम्पो थांबला. दगडाबाई तरातरा गिरणीत शिरली.

"बन्सी, तुला कायी लाज?"

"चुकलं मावशी..."

"चुकलंच! एवढी वंगाळ न्हाई रं ती सासू."

बन्सीधरला काही सुधरेना. "कोणती सासू?"

"पांढऱ्या कपड्यातली, यान चालवती ती. आक्कासाठी आतून जीव तुटायलाय तिचा, डोळ्यात दिसतंय की! अन् शेवटी आगीत ग्येली बिचारी."

"आमी तर हुंदके देऊन रडलो," कमलबाई म्हणाली. "बाकीचे लोक वळून वळून आमच्याकडंच बघायलेत. फक्त त्ये बाप हुडकायचं मधीमधी उगंच घुसडलंय. त्याची कायी गरज नव्हती."

दुसऱ्या दिवशी लाईट गेली तेव्हा गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. इंजिन बंद करून खुद्द ईश्वरअप्पा येऊन बसले होते. बन्सीधरनं घसा खाकरला.

"तू गप," दगडाबाई म्हणाली. "तुला पिच्चर कळत न्हाई. मी सांगती."

आणि तिनं सांगितलं. सासू स्वतःही उपाशीच कशी राहायची, तिच्या सासूनं तिचं काय केलं होतं, आणि एका रात्री ताट घेऊन ती गच्चीवर कशी उभी राहिली. तेवढ्यात लाईट आली आणि चक्की घरघरू लागली.

"बंद कर रे त्ये!" ईश्वरअप्पा खेकसले. "ऐकू येईना."

बन्सीधरनं झटकन बटण बंद केलं, गर्दीतून वाट काढत दगडाबाईच्या पायाशी येऊन बसला आणि हळूच विचारलं, "मावशी, आक्का जेवली का मंग?"