पानं वाढलीत

आमच्या वरच्या मजल्यावरचे आपटे सर रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दार उघडतात आणि रिकाम्या जिन्याला "या" म्हणतात. मिनिटभर थांबतात. मग दार लावून घेतात.

हे मला कळलं ते गुडघ्यामुळे. ऑपरेशन झालं, बँकेतून दोन महिने रजा मिळाली, आणि नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी काय चालतं ते पहिल्यांदाच ऐकू यायला लागलं. फारसं काही चालत नाही. म्हणूनच वरचा प्रत्येक आवाज खाली स्पष्ट यायचा.

सर म्हणजे चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेला माणूस. ओळख करून देतानाच सांगणार, "आपटे. आडनावही आहे आणि रीतिभूतकाळही. तो पाय आपटे, ती धुणं आपटे." जिन्यातल्या 'चपला बाहेर काढावे' या पाटीवर त्यांनी लाल पेनाने 'काढाव्यात' केलं आणि खाली सही ठोकली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "सर, उद्या गुडघा बदलतायत." तर म्हणाले, "कोण? वाक्यात कर्ता कुठाय?"

सुमतीकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही. वर सर एकटेच.

तर रजेच्या पहिल्याच आठवड्यात, दुपारी साडेबाराला, वरून हाक आली.

"अहो! चला, पानं वाढलीत."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ही हाक मी वीस वर्षं दर रविवारी ऐकली होती. काकूंची. शब्द तेच, 'चला'वरचा हेलही तोच. आवाज तेवढा सरांचा होता. एकट्या घरात एक म्हातारा माणूस बायकोच्या शब्दांत कोणाला तरी जेवायला बोलवत होता. नवऱ्याला 'अहो' बायको म्हणते. मग वर बायको कोण झालं होतं आणि नवरा कोण?

"थोडं तरी घ्या ना," वरून परत आवाज आला. "असं उपाशी राहून कसं चालेल?"

चारपर्यंत सगळं चिडीचूप. मग माझ्या डोक्यावर, बरोबर पंख्याच्या वर, धप्प. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. कोणीतरी जमिनीवर टाच आपटावी तसं. मग कडी वाजली आणि सर म्हणाले, "या."

जिन्यात पाऊल वाजलं नाही. दार मात्र मिनिटभर उघडं राहिलं, एखाद्याला आत यायला लागेल तेवढंच.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या दिवशी चहा मी जिन्याच्या दाराकडे तोंड करून प्यायले, हे खोटं कशाला सांगू?

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी काठी टेकत अठरा पायऱ्या चढले. भीतीपेक्षा उत्सुकता मोठी. वर पोहोचते तोच आतून धप्प झालं आणि दार उघडलं. सर माझ्याकडे न बघताच "या" म्हणाले. त्यांच्या पायांमागे, कान ताठ करून, एक पांढरा ससा बसला होता. तोही माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे, जिन्याच्या वळणाकडे बघत होता. मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

ससा पाठ फिरवून आत गेला. माझा जीव भांड्यात पडला.

"बसा," सर म्हणाले. "आमचे नातलग. आडनावाने."

झालं होतं असं. सरांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी निरोप टाकला होता, 'प्रेमळ ससा देने आहे.' सरांनी दिलेल्या नंबरवर तत्काळ फोन लावला. "देने नव्हे, देणे. ण बाणातला." पलीकडून खराडीची एक आयटीवाली मुलगी म्हणाली, "थँक्यू सो मच काका! ॲक्च्युअली आम्ही पुढच्या वीकमध्ये जर्मनीला शिफ्ट होतोय. कोको खूप स्वीट आहे. तुम्ही कधी येताय न्यायला?" एक णकार सुधारायला गेलेला माणूस पिंजरा घेऊन परत आला.

पहिल्या दिवशी सशाने गवताच्या काडीलाही तोंड लावलं नाही. डॉक्टर म्हणाले, ससा चोवीस तास उपाशी राहिला तर हाती लागणं कठीण.

"त्या घरातली छोटी मुलगी चार-दहाला शाळेतून यायची," सर म्हणाले. "ती वेळ झाली की हे पाय आपटतात. दार उघडलं नाही तर आपटतच राहतात आणि मग काही खात नाहीत. उघडलं, कोणी आलेलं नाही हे स्वतः बघितलं, की जरा वेळाने खातात."

"पण तुम्ही 'या' कोणाला म्हणता?"

"दार उघडल्यावर म्हणायची पद्धत आहे."

"आणि ते 'अहो'?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "कोको म्हटलं की ते ओ देत नाहीत. ओळख नसताना अरे-तुरे करणं मला जमत नाही. आणि जेवणाची हाक या घरात एकच आहे. दुसरी मला येत नाही." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "हाक ऐकली की ते उठतात. त्यांच्याबरोबर मीही बसतो. दोन वर्षं उभ्याउभ्याच खात होतो."

मला फार वाईट वाटलं. वीस वर्षं ती हाक ऐकली, पण ती बंद झाल्यावर माझ्या काही लक्षात आलं नव्हतं.

पुढे मला त्या आवाजांची सवय झाली. मग एका गुरुवारी साडेबारा वाजले आणि हाक आली नाही. एक वाजला. आणि भलत्याच वेळी धप्प सुरू झालं. थांबेचना. सरांची एक किल्ली आमच्याकडे असते. ती घेऊन मी वर गेले.

सर तापाने फणफणले होते. उशाशी कालचं ताट झाकलेलं, तसंच. खाली सशापुढे मुळ्याची पानं सुकून गेलेली, तशीच. दोघंही उपाशी.

"सर, उठा. दोन घास खाऊन घ्या."

सर हलले नाहीत. मी दंडाला धरून हलवलं, परत हाक मारली. काही नाही.

तेवढ्यात सशाने मागचा पाय उचलला आणि आपटला. धप्प.

सरांनी डोळे मिटूनच हात पुढे केला. म्हणाले, "आलो गं."

ससा पुल्लिंगी. सरांच्या तोंडून लिंगाची चूक मी पहिल्यांदाच ऐकली आणि सुधारली नाही. ससा माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. या खेपेला मी वळून पाहिलं नाही.

सरांना धरून उठवलं. म्हटलं, "चला सर, पानं वाढलीत."

अजून वाढायची होती. काळ चुकला होता. सरांनीही तो सुधारला नाही.