खडूचा गोल

कमळला बघायला राहनाळहून पाहुणे आले, तेव्हा तिच्या अंबाड्यात गजऱ्याच्या मागं निळा खडू खोचलेला होता. आठ वर्षं ती लूमच्या कापडाची तपासणी करते. टेबलावरून कापड सरकतं, खराब जागा दिसली की खडूनं गोल करायचा. आज अर्धी ड्युटी टाकून पळत घरी आली, साडी नेसली, गजरा माळला. खडू तसाच राहिला.

आईनं, ठकुबाईनं, बजावलं होतं, "दोन ठिकानं तुझ्या तोंडानं गेली. आज खाली बघ नि गप बस!"

विपुलचा फोटो कमळला आवडला होता. म्हणून ती खरंच गप बसणार होती.

पण चहा देताना विपुलच्या पांढऱ्या बाहीवर वेडावाकडा पिवळा ठिपका दिसला. हात काय डोक्याला विचारत बसतो? खडू निघाला आणि बाहीवर निळा गोल झाला.

"अगो बाय!" विपुलची आई, रंगूबाई, उठलीच. "माझा पोरगा काय गोदामातला माल हाय? त्याच्यात डाग शोधतेस? चल रं, विपुल!"

ठकुबाईनं कपाळाला हात लावला.

"डाग न्हाय तो, मावशे," कमळच्या तोंडून निघून गेलं. "बैलाला तापल्या सळईनं डागतात ना, त्याच्यावरनं डाग. आजा सांगायचा, तो मरेपर्यंत जात न्हाय. लूमवाले भैया सगळ्यालाच धब्बा बोलतात. पन हा नुसता चट्टा. पसरतो, धुतला की जातो."

रंगूबाई दारातच थांबली. मग तिनं मनगटापर्यंत ओढलेला पदर हळूच मागं सारला. हातावर पांढरी पसरट जागा होती.

"चट्टा जातो बोलतेस? हा तीस वर्सं न्हाय गेला. लग्नात झाकला, अजून झाकते. बोल, याला काय बोलायचं?"

कमळनं टेबलावर बघते तसं डोळे बारीक करून बघितलं. मग खडू परत अंबाड्यात खोचला.

"इथं गोल व्हत न्हाय. हे सूतच असं हाय, मावशे. कापड पास."

रंगूबाई खाली बसली. बशीत चहा ओतून प्यायली. पदर मात्र पुन्हा ओढला नाही.

इतका वेळ मुका बसलेल्या विपुलनं कप उचलला, सगळ्यांदेखत दुसऱ्या बाहीवर घोटभर चहा सांडला आणि हात कमळपुढं धरला.

"आता हा डाग का चट्टा, तेवढं सांग."