पेल्यावरची अंगठी

महिन्याभरात म्हैसुरातला पहिल्या नंबरचा वक्ता होऊन दाखवतो, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं होतं! आमच्या भाषण मंडळाचा नियमच कडक. बोलताना कुणी 'अं' केलं की घंटी वाजवायची, आणि भाषण संपलं की टाळ्या. घंटीचं काम माझ्याकडे! हात बसावा म्हणून मी घरीही बोटातली अंगठी स्टीलच्या पेल्यावर वाजवू लागलो.

"अहो, अं... दूध..."

टिंग!

"आग लागो त्या अंगठीला!" जयलक्ष्मी म्हणायची. मला वाटायचं, प्रगती आहे.

मग सासूबाई गेल्या. तेराव्याला पंगत बसली, आणि माझे मोठे मेहुणे श्रीकंठण्णा आईबद्दल चार शब्द बोलायला उभे राहिले. लहानपणापासून अडखळणारा हा माणूस. चारचौघांत कधी तोंड उघडलेलं नाही. सगळे जेवायचे थांबले.

"आई... अं..."

टिंग!

शप्पथ सांगतो, मी नाही वाजवलं. हातानं वाजवलं! वाढपी साराची बादली घेऊन धावत आला.

"सारू वाढू?"

"नको, नको!"

"आई नेहमी म्हणायची... अं... अं..."

टिंग! टिंग! आता दुसरा वाढपी पायसाचं भांडं घेऊन हजर. "दोन पळ्या ना, साहेब?"

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. श्रीकंठण्णा लालबुंद झाले आणि वाक्य अर्धवट टाकून खाली बसले. आणि मी? भाषण संपलं म्हणून टाळ्या वाजवल्या! एकट्यानं!

जयलक्ष्मी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. चौथ्या दिवशी तोंड पाडून मी मेहुण्यांच्या दारात उभा राहिलो.

"श्रीकंठण्णा, अं... माझं... अं..."

त्यांनी हातातला कॉफीचा पेला वाटीवर आपटला. टिंग, टिंग! "बोला भावोजी. मी थांबतो."

"चुकलं माझं. फार लाज वाटतेय. त्या दिवशी... पुढं काय सांगणार होतात?"

ते बराच वेळ अडखळले. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा.

"आई म्हणायची, आपला श्रीकंठ कितीही अडखळू दे, त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस या घरात एकच. आपले जावई."

मी बोटातली अंगठी काढली आणि खिशात टाकली.