सिस्टरच्या खोलीचा प्रकार

आमच्या शेजारच्या सिस्टर घरातल्या प्रत्येक खोलीचा केसपेपर काढतात. अगदी दवाखान्यात निघतो तसाच. वर खोलीचं नाव, खाली तक्रार, कधीपासून, तपासणी आणि उपचार. 'स्वयंपाकघर. तक्रार: ओटा भिंतीच्या आरपार जातो. कालपासून. ओटा काढून पुन्हा ठेवला. आराम आहे.' असे कागद एका क्लिपात लावून लॅपटॉपच्या शेजारी खिळ्याला टांगलेले असतात.

त्यांच्या खऱ्या घराला काही झालेलं नाही. दुखणं सगळं लॅपटॉपमधल्या घराला.

सिस्टरनी सारी नोकरी भामरागडकडच्या एका खेड्यात काढली, उपकेंद्रावर नर्स म्हणून. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर इथे सावली गावात चार खोल्या बांधून राहिल्या. त्यांना नाव आहे, पण ते बहुतेक फक्त पेन्शनच्या कागदावर असावं; भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे सिस्टरच म्हणतात. मी गावात घरांचे नकाशे काढून देतो आणि आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. त्यामुळे मागच्या बाजूला आणखी एक खोली काढायचं त्यांच्या मनात आलं, तेव्हा नकाशा मी काढून देतो म्हणालो. त्यांनी साफ नाही म्हटलं. आपल्या खोलीचा नकाशा आपणच काढणार. नागपूरच्या भाचीने त्यांच्या लॅपटॉपमध्ये घर आखायचं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि ती निघून गेली. मागे राहिलो मी.

या सॉफ्टवेअरमध्ये खोली आखली की तिचा प्रकार सांगावा लागतो. यादीतून 'बेडरूम' निवडलं की फरशी बदलते आणि एक डबलबेड आपणहून येऊन बसतो. पहिल्याच दिवशी सिस्टरनी मला त्यासाठी बोलावलं. पडद्यावरच्या त्या पलंगाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "याले कोणं बोलावलं?"

मी म्हणालो, प्रकाराबरोबर येतोच तो, नको असेल तर पुसून टाका. त्यांनी तो पुसला आणि केसपेपरवर लिहिलं: 'अनावश्यक वाढ. काढली.'

मी घाईत काही उपाय सुचवला की त्या मला थांबवत. "पहिले लक्षणं ऐक." बंद करून पुन्हा सुरू करा, हा आमच्या धंद्यातला रामबाण उपाय, पण पेशंटला हात न लावता गोळी देणारा डॉक्टर त्यांनी उभ्या आयुष्यात खपवून घेतला नव्हता, मी तर नुसता नकाशेवाला.

मग मागच्या खोलीचं दुखणं उपटलं. तिला प्रकारच लागेना. तीन दिवस झाले, केसपेपर मागच्या बाजूला पोचला. बेडरूम, हॉल, गेस्टरूम, काहीच घेईना. खोलीवर क्लिक केलं तर यादीसुद्धा उघडत नव्हती. "नाडीच लागून नाई राह्यली," सिस्टर म्हणाल्या.

मी पाहिलं, तर खोलीला भिंती तीनच. मागच्या रस्त्याकडची बाजू मोकळी. चारही बाजू बंद नसल्या तर सॉफ्टवेअर त्याला खोली मानतच नाही, हे त्यांना सांगून मी चौथी भिंत ओढायला लागलो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"भिंत नको घालू. भिंत घातली का ते बाई पळून जाते."

कोण बाई, असं विचारलं तेव्हा त्यांनी प्रथमच तिकडचं सांगितलं. पावसाळ्यात नदी चढली की त्यांच्या खेड्याचा रस्ता तुटायचा. म्हणून ज्यांचे दिवस भरत आलेले असत, त्या पलीकडच्या पाड्यांवरच्या बाया पाऊस लागायच्या आत सिस्टरच्या क्वार्टरवर येऊन राहत. पंधरा दिवस, कधी महिनाभर. पहिल्या वर्षी सिस्टरनी त्यांना आतल्या खोलीत ठेवलं, तर एक जण दोन रात्रींत पायी परत गेली. पुढे तिचं काय झालं, ते सिस्टरनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून खाटा सपरीत, म्हणजे पडवीत, एक बाजू मोकळी. घराकडची वाट दिसत राहिली की बाई थांबते. कितीतरी पोरं त्या सपरीत जन्मली.

मी तासभर त्या सॉफ्टवेअरशी झटलो. शेवटी त्यात न दिसणारी भिंत सापडली. कॉम्प्युटरपुरती रेघ, माणसाला मोकळी जागा. ती ओढताच खोलीत रंग भरला आणि यादी उघडली. यादीत त्यांना हवा तो प्रकार नव्हता, पण तळाशी स्वतः लिहायची सोय होती. सिस्टरनी एका बोटाने लिहिलं: 'थांबायची सपरी'.

मिस्त्रीने पावसाच्या आत ती तशीच बांधली. तीन खाटा आल्या, तीन मच्छरदाण्या आल्या. सिस्टरनी तिकडच्या आशा सेविकेकडे निरोप धाडला: कोणालाही गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तर दिवस भरेपर्यंत माझ्याकडे राहू द्या, इथून बसने जवळ आहे. मैनी नावाच्या मुलीने येते म्हणून कळवलं. ती सिस्टरच्याच हातची, ऐन पुरात झालेली. आता ती स्वतः पहिलटकरीण.

आषाढ गेला. मैनी आली नाही. फोन लागत नव्हता. मला हाका येत राहिल्या, पण लॅपटॉप चांगला चालत असे. चहा पिऊन मी परत येई.

श्रावणातल्या एका दुपारी मी तिथेच होतो तेव्हा फोन आला. सिस्टर उभ्या राहून बोलल्या. वजन किती भरलं, लगेच रडली का, अंगावर जास्त गेलं नाही ना, दूध आलं का. प्रत्येक उत्तराला मान हलत होती. मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या.

फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं. मैनीला मुलगी झाली. कळा सुरू झाल्यावर गाडी थेट दारापर्यंत आली आणि तासाभरात तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. नदीवर पूल झाला होता.

"त्या पुलासाठी दरसाली मीच अर्ज लिहत होती," सिस्टर म्हणाल्या. "चांगलं झालं. आता कोणाले थांबाचं काम नाई."

त्यांनी पदर खोचला आणि मच्छरदाण्या ओल धरतील, उतरवून ठेवू म्हणाल्या. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. घडी घालत आम्ही एकमेकांकडे चालत यायचो, त्या माझ्या हातातलं टोक घ्यायच्या आणि पुन्हा मागे सरायच्या. दोन झाल्या. तिसरीची दोरी सोडायला मी हात वर केला.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या.

मी हात खाली घेतला. सिस्टर त्या खाटेच्या काठावर बसल्या, तोंड रस्त्याकडे करून. थोड्या वेळाने मीही बसलो.