टाउके गेल्याबद्दल अभिनंदन

गोह सेंग हुआतच्या पित्ताशयात खडे झालेत हे मलेशियातल्या बातू पाहातमधल्या आमच्या गल्लीत कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं, आणि तो ऑपरेशन करून घेणार नाही हेही. पहिल्यांदा तारीख मिळाली ती नेमकी भुतांच्या महिन्यात. त्या महिन्यात शहाणा माणूस घर बदलत नाही, मग पोट कोण फाडून घेणार? दुसऱ्यांदा खाटेचा नंबर निघाला चार, म्हणजे आमच्याकडे सरळ मरणाचाच आकडा. तिसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही, तेव्हा हुआत म्हणाला की मासा नीट जेवत नाहीये, त्याला अशा अवस्थेत टाकून जाणं बरं दिसत नाही. कळ आली की तो पोट धरून असा ओरडायचा की समोरच्या घरातले दिवे लागायचे, आणि त्याची बायको बी लियान गरम पाण्याची पिशवी घेऊन उशाशी बसून राहायची. डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की आता एखादा खडा नळीत अडकला तर आमच्याही हातात काही उरणार नाही. तेव्हापासून त्या बाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मासा म्हणजे लाल आरोवाना. हातभर लांब, तोंडाला दोन मिशा, अंगावर नाण्याएवढे खवले. दिवाणखान्यातल्या टाकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि घरातल्या कुणाकडे ढुंकूनही बघायचा नाही, म्हणून हुआतनं त्याचं नाव टाउके ठेवलं होतं, टाउके म्हणजे शेठ. शेठचं जेवण जिवंत बेडूक, कोळंबी, मिळालं तर झुरळ. एवढं खाणारा घाणही तेवढीच करणार, त्यामुळे अशा माशाचं सगळं आयुष्य फिल्टरच्या हातात असतं. हुआतनं आधी टाकीला टांगायचा एक फिल्टर आणला, तो टाउकेच्या एकाच जेवणात तुंबला. मासे विकणाऱ्यानं सल्ला दिला की आहे त्याच्या दुप्पट टाकीला पुरेल असा घे. हुआतचं स्वतःचं पाइप आणि नळांचं दुकान, तेव्हा पाण्यातलं आपल्याला कळतं अशी त्याची खात्री होती. त्यानं टाकीखालच्या कपाटात स्वतःच फिल्टर बांधला, आधी कापूस, मग स्पंज आणि शेवटी चिनीमातीच्या कड्यांचा ढीग. पाणी परत टाकीत सोडणाऱ्या नळाचं तोंड मात्र त्यानं घराच्या आतल्या बाजूला ठेवलं. दाराकडे तोंड केलं असतं तर माशाला बरं पडलं असतं म्हणे, पण घरातला पैसा दारातून वाहून गेला असता त्याचं काय?

त्या कड्यांवर एक तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि माशाची घाण तेच पचवतात. तो थर म्हणजेच फिल्टर, बाकी नुसतं खोकं, हे हुआत कॉफीच्या दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. मलासुद्धा पाठ झालं होतं. बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं, कारण ती घरातच असते.

आमचं चिनी नवं वर्ष तोंडावर आलं आणि बी लियाननं साफसफाईला हात घातला. गेल्या वर्षाची धूळ नव्या वर्षात नेली की दुखणीही मागोमाग येतात, त्यामुळे या दिवसांत आमच्या गल्लीतल्या बायका भिंतीसुद्धा धुऊन काढतात. तिनं पंख्याची पाती पुसली, देव्हारा लखलखीत केला आणि शेवटी टाकीखालचं कपाट उघडलं. उघडलं आणि ती मटकन खालीच बसली. सगळं घर आरशासारखं, आणि ज्याची जावयासारखी बडदास्त ठेवतो त्या माशाच्या खाली हे असलं गटार! नवऱ्याचं दुखणं वर्षभर का हटत नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं. तिनं एक एक कडं ब्रशनं घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं, उन्हात वाळवलं आणि पांढरंशुभ्र करून परत रचून ठेवलं. कापूस आणि स्पंज तर नवेच घातले. हुआत दुकानात होता. कपाटाचं दार लावताना तिला इतकं हलकं वाटलं की कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं आणि टाउके वर येऊन तोंडानं हवा ओढत होता. दुसरा कुठलाही दिवस असता तर हुआतनं अर्धी टाकी उपसून ताजं पाणी भरलं असतं. पण पहिले दोन दिवस घराबाहेर केर टाकत नाहीत की पाणी फेकत नाहीत, वर्षभराचं नशीब त्याबरोबर जातं. मग त्यानं माशाला ताकद यावी म्हणून एक गलेलठ्ठ बेडूक घातला. बेडूक पोटात गेला आणि जी काही आशा होती तीही संपली. तिसऱ्या दिवशी टाउके तळाशी आडवा पडलेला सापडला, कल्ले मिटलेले, हलवलं तरी हलत नव्हता.

हुआतनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून अख्खी गल्ली धावली. आम्हाला वाटलं खडा अडकला. सगळ्यांत पुढे अगरबत्त्यांच्या दुकानाचे लाउ आ पेक, म्हणजे गल्लीतले सगळ्यांत म्हातारे काका. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं, मग हुआतकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"रडतोस काय गाढवा," आ पेक म्हणाले. "तुझ्यावर येणार होतं ते त्यानं स्वतःवर घेतलं. आरोवाना उगाच मरतो होय? पाय धर त्याचे."

माशाचे पाय कुठे असतात हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. दुपारपर्यंत लोक शुभशकुनाची संत्र्यांची जोडी घेऊन यायला लागले. टाउके गेल्याबद्दल अभिनंदन, असं तोंडभरून म्हणायचे आणि हुआतचा हात हातात घेऊन हलवायचे. सकाळी ओक्साबोक्शी रडणारा माणूस संध्याकाळी छाती काढून दारात उभा होता. बायकोला त्यानं सांगितलं की टाउकेला मागच्या अंगणात कमरखाच्या झाडाखाली मानानं पुरून ये, मला काही ते बघवणार नाही.

बी लियाननं मासा मागे नेला. मनातून ती पार खचली होती. एवढी स्वच्छता केली आणि हे काय झालं, याचा तिला काही केल्या उलगडा होत नव्हता. लाल कापडात गुंडाळण्याआधी अंगावरचा चिकटा तरी धुवावा, म्हणून तिनं त्याला धुण्याच्या जागेजवळच्या पावसाच्या पाण्यानं भरलेल्या सिमेंटच्या टाक्यात सोडलं आणि कापड आणायला आत गेली. परत येऊन बघते तो कल्ले हलताहेत. मग शेपूट. मग टाउके सरळ झाला आणि त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली.

ती ओरडायला म्हणून दाराकडे धावली. आतून हुआतचा आवाज येत होता. तो स्वतः होऊन हॉस्पिटलला फोन करत होता, आजवर कधी केला नव्हता. "लवकरात लवकर द्या," तो म्हणत होता. "खाट कुठलीही असू दे. आता मला काही होत नाही."

बी लियानचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मासा जिवंत आहे म्हणावं तर नवरा ऑपरेशन टाळणार, आणि मेला म्हणावं तर तो इथे शेपूट आपटतोय. बाईनं आयुष्यात कधी वाण्याला खोटं नाणं दिलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी तिनं टाक्यावर फळ्या टाकल्या, स्वयंपाकघरातून एक लांबट कोहळा आणला, लाल कापडात गुंडाळला आणि कमरखाखाली पुरून टाकला. दुसऱ्या दिवशी हुआतनं त्या कोहळ्यासमोर अगरबत्ती लावून डोळे पुसले. लाउ आ पेकनी तीनदा वाकून नमस्कार केला. मीही केला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर ती रोज चोरून टाक्यातलं थोडं पाणी काढायची, थोडं नवं घालायची आणि पदरची कोळंबी टाकायची. टाउकेला ते मानवलं, आणि तेच वाईट झालं. अंगात जीव आल्याबरोबर तो उड्या मारायला लागला. फळ्यांवर धाडकन डोकं आपटायचं आणि हुआत आतून विचारायचा की कसला आवाज. मांजर, ती सांगायची. असं मांजर आमच्या गल्लीत कधी नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी तर त्यानं कहर केला. त्यांची मुलगी गाडी घेऊन यायची होती, हुआत कपडे करत होता, आणि मागे धाडधाड चाललेलं. बी लियान पळत गेली आणि सरळ फळ्यांवर चढून बसली.

"आजचा दिवस मेल्यासारखा राहा रे," ती दोन्ही हातांनी फळ्या दाबून पुटपुटत होती. "तुला बाजारातला सगळ्यांत जाडा बेडूक आणून घालीन. तो परत आला की खुशाल उडी मार. माझा माणूस तेवढा एकदा आत जाऊ दे."

टाउके गप्प झाला. ती डोळे पुसून, साडेसाती टळल्यासारखा निःश्वास टाकून पुढे आली. गाडीत हुआत एक शब्द बोलला नाही. आदल्या रात्रीपर्यंत बढाया मारणारा माणूस असा मुका झालेला पाहून तिला वाटलं, उपाशीपोटी आहे म्हणून असेल.  स्ट्रेचरवरून आत नेताना त्यानं तिचा हात इतका घट्ट धरला की नर्सला बोटं सोडवावी लागली.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरनं खडे बाटलीत घालून दिले आणि हुआत ते घेऊन घरी आला, खुर्चीत पोटावर उशी धरून बसला. आता मात्र बी लियानच्यानं राहवेना. ती समोर स्टूल ओढून बसली आणि मान खाली घालून म्हणाली, "टाउके मेला नाहीये. मागच्या टाक्यात आहे."

"ठाऊक आहे," हुआत म्हणाला.

तिनं दचकून वर पाहिलं.

"निघायच्या आधी अगरबत्ती लावायला मागे आलो होतो. तू फळ्यांवर बसली होतीस. सगळं ऐकलं मी."

बी लियानला आता कुठे उलगडलं. म्हणजे हा माणूस सगळं समजून, काही टळलेलं नाही हे जाणून, भीतीनं अर्धमेला होऊन त्या सुऱ्याखाली गेला होता.  "मग गेलास कसा?" तिनं विचारलं.

हुआत उशीशी चाळा करत राहिला. "तू एका माशाच्या विनवण्या करत होतीस," तो म्हणाला. "मला लाज वाटली."

एवढ्या वर्षांच्या संसारात तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. तिच्या डोळ्यांना धार लागली. तिचं मन इतकं भरून आलं की आता याच्यापासून तसूभरही काही लपवायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि तिथेच चुकलं.

"मला कळतच नाही रे त्याला काय झालं होतं," ती नाक पुसत म्हणाली. "उलट नव्या वर्षासाठी मी त्याचा फिल्टर किती छान केला होता. सगळी कडी ब्रशनं घासली, उकळत्या पाण्यातून काढली. एवढासासुद्धा चिकटा ठेवला नाही."

हुआतच्या हातातली उशी खाली पडली.  त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"उकळत्या?" तो म्हणाला.

त्यानंतर जो आवाज निघाला तो थेट लाउ आ पेकच्या दुकानापर्यंत आला. आम्ही काही गिऱ्हाइकं तिथेच उभे होतो. आ पेकनी अगरबत्त्यांचा पुडा खाली ठेवला, क्षणभर कान देऊन ऐकलं आणि समाधानानं मान डोलावली. माणूस ठणठणीत बरा झाला म्हणाले, आणि पुन्हा वजन करायला लागले.